हिरव्या चौकोनांचें चित्रकाव्य

चित्रकाव्य म्हटलें कीं आपल्याकडील रसिक नाक मुरडतात. मम्मटानें काव्याचे तीन वर्ग पाडले आणि चित्रास तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, वर्गांत बसविलें. तेव्हांपासून पद्मबंध आणि खड्गबंध रचणाऱ्या कवींच्या वाट्यास परीक्षकांची कीव किंवा थट्टा यांवांचून फारसें कांहीं आलेलें नाहीं. भारवीनें 'किरातार्जुनीया'च्या १५ व्या सर्गांत आणि माघानें 'शिशुपालवधा'च्या १९ व्या सर्गांत हा खेळ मनसोक्त खेळून घेतला. आमच्या मोरोपंतांनीं तर ओठांस ओठ न लावतां म्हणतां येईल असें एक रामायणच रचून दाखविलें. इंग्रजींतही न्याय तोच. जॉर्ज हर्बर्टची पंखांच्या आकारांत मांडलेली कविता १६३३ सालची. ॲडिसननें १७११ मध्यें 'स्पेक्टेटर'मधून असल्या आकारबद्ध रचनांची रवानगी खोट्या चातुर्याच्या सदरांत केली. वर्गांत हीं उदाहरणें सांगतांना मीही इतकीं वर्षें तोच ठराविक शेरा मारीत आलों, कीं बुद्धीचें कौतुक करावें आणि काव्य शोधण्यास पुढें जावें. मात्र अलीकडे एका अगदींच निराळ्या प्रांतांतील चित्रबंध माझ्या पाहण्यांत आले, आणि हा शेरा पुन्हां तपासून घ्यावा असें वाटूं लागलें. त्याला एक खाजगी कारणही झालें. तें ओघानें सांगेन.

ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या धंद्यांत आहे, आणि आपल्या वर्गांत असें घर नसणें आतां विरळा, तेथें गिटहब हें नांव कानांवरून गेलेंच असेल. २००८ सालीं निघालेली आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झालेली ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक प्रचंड सामाईक वखार आहे. आपला कोड तेथें ठेवावा, दुसऱ्याचा वाचावा, त्यांत सुधारणा सुचवावी, असा तेथला व्यवहार. कोडमध्यें केलेल्या प्रत्येक फेरफाराची जी नोंद होते तिला कमिट म्हणतात. मी तिला नोंदच म्हणेन. २०१३ च्या आरंभीं या वखारीनें प्रत्येक सभासदाच्या पानावर त्याच्या वर्षभराच्या नोंदींचा एक तक्ता झळकविण्यास सुरुवात केली. आपल्या भिंतींवरील पुष्कळ कालदर्शिकांत वार डावीकडे एकाखालीं एक असतात आणि आठवडे उजवीकडे सरकत जातात. तसाच हा तक्ता, फक्त महिन्याचा नव्हे, सबंध वर्षाचा. रविवार सर्वांत वर, शनिवार सर्वांत खालीं, अशा सात ओळी. आठवड्यांचे सुमारें ५३ स्तंभ. आणि प्रत्येक दिवसास एक चिमुकला चौकोन. ज्या दिवशीं कांहीं नोंद नाहीं तो चौकोन फिकट करडा. ज्या दिवशीं आहे तो हिरवा. हिरव्याच्या चार छटा. थोड्या नोंदींस पोपटी, पुष्कळ नोंदींस गर्द.

सात ओळींची, मोजक्या रंगांची, चौकटी पाडलेली अशी जागा समोर आली असतां मनुष्याच्या हाताला स्वस्थ बसवत नाहीं. मॅटीच्या कापडावर फुल्यांच्या टांक्यांनीं पोपट भरणाऱ्या आमच्या आत्यांना आणि मावश्यांना हें सांगावें लागणार नाहीं. ठिपक्यांच्या रांगोळीचें मूळही तेथेंच आहे. या तक्त्यांतही लोक लवकरच मांजरें काढूं लागले, बदाम काढूं लागले, आपलें नांव लिहूं लागले. अर्थात् येथें टांका घालावयाचा तो सुईनें नव्हे, दिवसांनीं. मंगळवारचा चौकोन गर्द हवा तर मंगळवारीं भरपूर नोंदी व्हावयास हव्यात. आणि मंगळवार तर कधींच उलटून गेलेला!

येथें गिट या मूळ साधनाची एक खुबी उपयोगी पडते. ती समजल्यावांचून या कलेचा गुणदोष ठरवितां येणार नाहीं, म्हणून दोन वाक्यें अधिक खर्चितों. आपण पत्र लिहितों तेव्हां मथळ्यावर तारीख घालतों ती आपण. पाकिटावर शिक्का मारतें तें टपालखातें. गिटमधील नोंदीवर शिक्का नसतो, दोन्ही तारखा मथळ्यावरच्याच असतात: कोड कोणीं व केव्हां लिहिला ही एक, आणि तो संग्रहांत कोणीं व केव्हां दाखल केला ही दुसरी. दोन्ही नोंद करणाऱ्याच्या यंत्रावरच पडतात आणि दोन्ही त्याला हव्या तशा घालतां येतात. ही गलथानी नव्हे. लिनस टोरवाल्ड्स यानें २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं हें साधन रचलें. त्या कामांत एकानें लिहिलेला फेरफार टपालानें, म्हणजे ई-मेलनें, दुसऱ्याकडे जाई आणि तो सवडीनें दाखल करून घेई. दाखल करणाऱ्याच्या तारखेखालीं लिहिणाऱ्याची तारीख पुसली जाऊं नये, हा त्यामागील हेतु. लेखकाचा मान राखण्याकरितां केलेली सोय ती ही. गिटहबचा तक्ता भरला जातो तो या लेखकाच्या तारखेवरून. तेव्हां आज बसून गेल्या वर्षीच्या मंगळवारीं काम केल्याचें लिहून ठेवणें कोणासही शक्य आहे. नोंदींत खरोखरी कांहीं फेरफार असावा लागतो असेंही नाहीं. रिकामी नोंदही चालते.

हें हातानें करणें कंटाळवाणें, म्हणून त्यासाठीं अवजारेंही निघालीं. त्यांतलें प्रसिद्ध तें गिटफिटी. भिंतीवर रंगानें खरडण्याला जो इंग्रजी शब्द आहे त्याच्याशीं गिटचा संधि करून हें नांव घडविलें आहे. आपलें खातें सांगावें, तयार चित्रांतून एक निवडावें, कीं तें मागील तारखांच्या नोंदींची यादी तयार करून देतें. तक्त्यांतील छटा ठरतात त्या ज्याच्या त्याच्या स्वतःच्या नोंदींच्या मानानें. जो मनुष्य रोज चार नोंदी प्रामाणिकपणें करतो त्याचे चौकोन एरवीं चांगले गर्द दिसतील; परंतु त्याच तक्त्यांत चित्र उठून दिसावयाचें तर चित्राच्या चौकोनांत त्याहून कितीतरी पट खोट्या नोंदी ओताव्या लागतात, आणि हें अवजार तो गुणाकार आपण होऊन करतें. परिणाम असा होतो कीं मांजराच्या मिशा गर्द उमटतात आणि वर्षभर घाम गाळलेलें खरें काम मागें फिकट पोपटी होऊन जातें. खोट्यानें खऱ्याचा रंग उडवावा, ही गोष्ट रूपक म्हणून कोणी सांगितली असती तर मीं ती जरा स्वस्त म्हटली असती. येथें ती केवळ अंकगणित आहे.

आतां चित्रांकडे वळूं. गिटफिटीच्या पोतडींत मांजराचें पिलूं आहे, गिटहबचें बोधचिन्ह असलेला मांजर व अष्टपाद यांचा संकर आहे, जुन्या व्हिडिओ खेळांतील जीवदान देणारी अळंबी आहे, बदाम आहे. एवढ्या सात ओळींत ओळखूं येईल असा आकार उमटविणें सोपें नाहीं, आणि अळंबीच्या टोपीवरील ठिपके ज्या बेतानें ठेवले आहेत त्याला दाद द्यावी लागते. तरी हीं सारीं चित्रें येथेंच कां, असा प्रश्न केला तर उत्तर मिळत नाहीं. तीं उशीच्या अभ्र्यावरही शोभलीं असतीं. माधुर्य आहे, प्रयोजन नाहीं. आपल्या लिपीवर तर ही जागा उघड अन्याय करते. इंग्रजी अक्षर पांच ओळींत सुखानें मावतें. आपल्याला शिरोरेखेस एक ओळ, वर वेलांटी-मात्रांस एक, खालीं उकारास एक अशा तीन ओळी आधींच द्याव्या लागतात, आणि उरलेल्या चारांत 'क्ष' बसवूं पाहणाऱ्यास माझा नमस्कार. माझ्या भाच्यानें, जो पुण्यांत याच धंद्यांत आहे, एकदां 'आई' एवढाच शब्द लिहिला होता. 'ई'च्या डोक्यावरील फटकाऱ्यासाठीं रविवारची ओळ राखून शिरोरेखा सोमवारीं ओढावी लागली, असें तो सांगत होता.

या पोतडींतील एकच कृति मला खरी लक्षणीय वाटते, आणि ती चित्र म्हणून सर्वांत दरिद्री आहे. तींत कांहीं आकार नाहीं. 'मला कामावर घ्या' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आहेत, बस्स. हा तक्ता पाहून उमेदवाराची उद्योगशीलता जोखण्याची चाल कांहीं ठिकाणीं पडली आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे या दोन शब्दांची धार जाणवते. ज्या मापानें मला मोजतां त्याच मापाच्या दांड्यावर मीं अर्ज लिहिला आहे, मोजा आतां! येथें द्रव्य आणि अर्थ यांची गांठ पडली. नोंदी खोट्या आहेत हें वाचणाऱ्यास ठाऊक, ठाऊक आहे हें लिहिणाऱ्यास ठाऊक. आणि तरीही मागणें खरें आहे. शिष्ट विनोदाचें याहून चांगलें उदाहरण या प्रांतांत मला आढळलें नाहीं.

आतां तें खाजगी कारण. मागें आमच्या महाविद्यालयांत संगणकशाखेच्या एका विद्यार्थ्यास पारितोषिक द्यावयाचें होतें. निवडसमितींत भाषेकडील एक माणूस असावा अशी प्रथा असल्यानें मला बसविण्यांत आलें. शेवटीं दोन नांवें उरलीं, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांच्याही अर्जास या तक्त्याची छापील प्रत जोडलेली होती. मुलाचें वर्ष या टोंकापासून त्या टोंकापर्यंत हिरवेंगार. मुलीच्या वर्षांत मधें जवळजवळ तीन महिने करडें मैदान. कोडमधलें मला कांहीं कळत नाहीं, परंतु सातत्य कळतें असा माझा समज. मीं आवेशानें त्या हिरव्या पानाची बाजू घेतली, मजजवळ होतें नव्हतें तें वक्तृत्व खर्च केलें, आणि पारितोषिक मुलास गेलें. पुढें सुटींत भाचा घरीं आला असतां मीं त्याला हा किस्सा मोठ्या प्रौढीनें सांगितला. तो ऐकून घेऊन इतकेंच म्हणाला, "मामा, असें पान करायला मला तुमचा चहा निवायच्या आंत जमेल." आणि त्यानें तें करून दाखविलें. मुलीच्या त्या तीन महिन्यांविषयींही त्यानें एक शंका काढली, आणि ती पुढें खरी ठरली. त्या काळांत ती दुसऱ्याच्या एका मोठ्या प्रकल्पाची आपल्याकडे प्रत काढून घेऊन तींत काम करीत होती; आणि अशा प्रतींतील नोंदी, त्या मूळ प्रकल्पांत स्वीकारल्या जाईपर्यंत, हा तक्ता मोजीतच नाहीं. तिचें सर्वांत कठीण काम जेथें होतें तेथेंच करडें मैदान होतें.

त्या मुलाचें पान खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणावयास मजजवळ तिळभर आधार नाहीं, आणि तो मुलगा मला आजही सज्जनच वाटतो. मला बोचतें तें निराळें आहे. खरें कीं खोटें हें त्या पानावरून कळण्याचा मार्गच नव्हता, आणि असा मार्ग नाहीं ही शंकाही मला शिवली नाहीं. ज्यानें आयुष्यभर विद्यार्थ्यांना ग्रंथाची कालनिश्चिति करतांना अंतर्गत पुरावा पहा, बहिर्गत पुरावा पहा, लेखकानें स्वतः घातलेल्या सनावर विसंबूं नका असें शिकविलें, त्यानें मथळ्यावरची तारीख टपालाचा शिक्का समजून वाचली.

या अनुभवानंतर मीं तीं मांजरें आणि अळंब्या पुन्हां पाहिल्या, आणि माझें मत पालटलें तें येथें. मांजराचें चित्र कोणासही फसवीत नाहीं. कोणी मनुष्य बरोबर मांजराच्या कानांच्या आकारांत वर्षभर राबला असें शेंबडें पोरही मानणार नाहीं. आकार दिसला कीं नोंदी रचलेल्या आहेत हें दिसलें. आकार हाच कबुलीजबाब. फसवितें तें निराकार हिरवेपण, ज्यांत चित्र नाहीं, रेषा नाहीं, विनोद नाहीं, केवळ मेहनतीचा देखावा आहे. मम्मटानें ज्या गोष्टीसाठीं चित्राला खालीं बसविलें, कीं त्यांत व्यंग्य नाहीं, नुसती रचना मिरविते, तीच गोष्ट येथें त्याच्या पथ्यावर पडली आहे. रचना मिरविते म्हणूनच ती प्रामाणिक. आणि व्यंग्य नाहीं असें तरी कसें म्हणावें? तक्त्यांत काढलेलें प्रत्येक मांजर हा तक्ता साक्ष नसून केवळ कथन आहे असें सुचवितें, आणि तें माझ्यासारख्या शहाण्यांस उद्देशून सुचवितें. मांजर काढणाराच्या मनांत हें असेल किंवा नसेल. ध्वनि नेहमीं कवीला विचारून निघतो असें कोठें आहे?

तरीही हीं चित्रें थोर आहेत असें मी म्हणणार नाहीं, आणि कां नाहीं याचें उत्तर मला हर्बर्टजवळ सांपडतें. त्याच्या त्या कवितेंत ओळी आंखूड आंखूड होत मध्यावर दोन शब्दांच्या उरतात आणि पुन्हां रुंदावत जातात, त्यामुळें पंख दिसतात, हें खरें. पण जेथें मनुष्याच्या अधोगतीचा विषय आहे तेथेंच ओळ रोडावते, आणि जेथें वर उडण्याची प्रार्थना आहे तेथें ती रुंदावते. आकार अर्थानें मिळविला आहे. ॲडिसननें आकार पाहिला, अर्थाशीं त्याचा संबंध पाहिला नाहीं. हीच कसोटी येथें लावली तर मागल्या तारखांनीं काढलेलें कोणतेंही चित्र कमी पडतें. त्याचें द्रव्य दिवस. आणि ते दिवस त्यानें वेंचलेलेच नसतात. चहा निवायच्या आंत झालेल्या वर्षांत वर्षाचा भार कसा येणार? पुढल्या तारखांनीं, म्हणजे खरोखरीच आज येथें काम आणि उद्यां तेथें विश्रांति असें बेत करून वर्षभरांत एक चित्र पुरें करणें, ही निराळी साधना होय. चूक झाली तर खोडतां येत नाहीं. बुधवारीं ताप आला कीं मांजराचा एक डोळा गेला. शिवाय चित्र पुरें होतें तोंवर पहिला आठवडा डाव्या कांठावरून गळूं लागतो. जुनीं वर्षें वेगळीं काढून पाहतां येतात ही गोष्ट खरी, परंतु दर्शनी पानावरून तें दर आठवड्यास एक स्तंभ पुसलें जातच असतें.

आणि मग आणखी एक शक्यता मनांत येते, जिच्याकडे या कलेच्या अभ्यासकांनीं पुरेसें लक्ष दिलेलें मला दिसत नाहीं. हिरव्यानें चित्र काढावयाचें तर काम हवें. करड्यानें काढावयाचें तर सुटी हवी. खोटें काम लिहून ठेवतां येतें. काम केल्यावर तें न लिहितां सुटीचा देखावाही करतां येईल, पण त्यांत कोणाचा कांहीं लाभ नाहीं, म्हणून तें कोणी करीत नाहीं. तेव्हां करडें चित्र हें हिरव्यापेक्षां बहुधा अधिक विश्वसनीय.

पहिलीं कांहीं वर्षें या तक्त्याशेजारीं लागोपाठ किती दिवस काम झालें याचा आंकडाही झळकत असे. खंड न पडूं देण्याचें तें एक व्रतच होऊन बसलें. मे २०१६ मध्यें गिटहबनें तो आंकडा काढून टाकला. त्याचा परिणाम काय झाला याचा एक अभ्यास २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं दीर्घ अखंड मालिका झपाट्यानें कमी झाल्या, शनिवार-रविवारचें काम उतरलें, आणि दिवसाला नेमकी एकच नोंद करून मोकळे होण्याचे प्रसंगही घटले. म्हणजे एक आंकडा झांकला आणि माणसांस रविवार सांपडला! मुंबईच्या गिरणीकामगारांना हा रविवार मिळवून देण्यास नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून १८९० पर्यंत झगडावें लागलें होतें. तेथें निदान समोर गिरणीमालक तरी होता. येथें माणूस आपल्याच हिरव्या चौकोनांचा चाकर.

हें लिहिण्यापूर्वीं मीं भाच्याचें पान पुन्हां उघडून पाहिलें. 'आई' केव्हांच डावीकडून सरकून गेली आहे. आतां तेथें चित्र म्हणावें असें कांहीं नाहीं; सहा ओळींत कोठें पोपटी, कोठें गर्द, मधून मधून भोकें. मात्र सर्वांत वरची ओळ या टोंकापासून त्या टोंकापर्यंत स्वच्छ करडी, जणूं कोणीं पट्टी धरून ओढलेली शिरोरेखा. मला मोठा आनंद झाला, आणि करड्या चित्राची माझी उपपत्ति त्यानें आधींच अमलांत आणलेली पाहून थोडा हेवाही वाटला. मीं लागलीच दूरध्वनि करून त्याचें अभिनंदन केलें.

त्याला मी काय म्हणतों हें समजण्यास जरा वेळ लागला. मग तो हंसूं लागला. "चित्र कसलें, मामा," तो म्हणाला, "रविवारीं आई लॅपटॉप उघडूंच देत नाहीं."